वस्त्रांची ऋतुचर्या

ऊन, पाऊस आणि धूर या तिन्हींशी शहरातील रस्त्यावर रोज गाठ पडते. ‘सर्व हवामानांसाठी’ म्हणून विकला जाणारा नवा पोशाख त्यांपैकी कशापासून किती रक्षण करतो, याचा हा वेध.

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन मूलभूत गरजांपैकी अन्नाचा आणि निवाऱ्याचा आरोग्याशी असलेला संबंध आपल्याला चटकन पटतो. घरातील आजी ऋतू पालटला की ताटातील पदार्थ पालटते. पावसाळ्यापूर्वी घराची कौले किंवा गच्ची तपासली जाते. वस्त्राच्या बाबतीत मात्र आपण प्रथम विचार करतो तो प्रसंगाचा, रंगसंगतीचा आणि किमतीचा. वास्तविक घराबाहेर पडल्यावर आपल्या शरीरासोबत येणारा निवारा एकच असतो, आणि तो म्हणजे अंगावरचा कपडा. शहरातील माणसाचा दिवसातील बराच वेळ बसथांब्यावर, दुचाकीवर, सिग्नलपाशी, लोकलच्या फलाटावर जातो. तेथे त्याचे रक्षण या एवढ्याशा निवाऱ्यालाच करावे लागते.

बाजारपेठेने ही गरज ओळखलेली दिसते. अतिनील किरणे अडवणारे सदरे, पाणी न शिरणारी पण ‘श्वास घेणारी’ जॅकेटे, पंखे बसवलेले अंगरखे, टोपीलाच मुखपट्टी जोडलेले पोशाख अशा वस्तू आता दुकानांत आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागल्या आहेत. तरुण मुले त्यांकडे आकर्षित होतात आणि पालकांपुढे प्रश्न उभा राहतो की यातील संरक्षण किती आणि देखावा किती? उत्तरासाठी आधी शरीर, कापड आणि हवा यांचे परस्परांशी असलेले नाते समजून घ्यावे लागेल.

इरल्यापासून जॅकेटपर्यंत

हवामानासाठी घडवलेला पोशाख ही कल्पना आपल्याला नवी नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याचे पागोटे म्हणजे डोक्याभोवती गुंडाळलेल्या सुती कापडाचे अनेक थर आणि त्या थरांत अडकलेली हवा. उन्हाची तीव्रता कवटीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच ती तेथे अडते. कोकणात भातलावणी करणाऱ्या स्त्रिया बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले पाठीवर घेत. वाकून काम करताना पाठ कोरडी राही, हात मोकळे राहत आणि खालून वारा खेळत असे. धनगराची घोंगडी पावसात भिजली तरी ऊब देत राहते, कारण लोकर पाणी शोषूनही तंतूंमधील हवा पूर्णपणे सोडत नाही. या वस्तूंकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक वस्तू एका विशिष्ट ऋतूसाठी आणि एका विशिष्ट कामासाठी होती. इरले उन्हाळ्यात कोणी वापरत नसे आणि पागोट्याकडून पावसाची अपेक्षा कोणी करत नसे.

युरोपातील शहरांनी वेगळी वाट धरली. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे एकस्व मिळवले. त्यातून तयार झालेला कोट पाऊस अडवी. परंतु घामही आतच कोंडून ठेवी. ही अडचण सुटायला जवळपास दीडशे वर्षे लागली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे द्रव्य झटक्याने ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातून पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही, पण वाफ बाहेर जाऊ शकते.

शहराला शत्रू मानून त्याच्याविरुद्ध पोशाख घडवण्याचा प्रयत्न पुढे इटलीत झाला. मॅसिमो ऑस्ती यांनी १९८८ मध्ये मोटारशर्यतीसाठी काढलेल्या जॅकेटच्या टोपीत डोळ्यांसाठी भिंगे बसवली. त्याच कंपनीसाठी मोरेनो फेरारी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘शहरी संरक्षण’ या संकल्पनेवर एक मालिका केली आणि तिच्यातील एका कोटात धुरापासून बचाव करणारी मुखपट्टी जोडली. ऑक्टोबर २०१४ मध्ये बीजिंगच्या फॅशन सप्ताहात यिन पेंग यांच्या क्रीडावस्त्रांच्या सादरीकरणात तरुण-तरुणी तोंडावर धूररोधक मुखपट्ट्या लावून मंचावर चालल्या. काही वर्षांपूर्वी कलाकृती वाटणारी वस्तू त्या शहरातील लोकांच्या नित्याच्या गरजेची झाली होती.

तीन शत्रू, तीन मागण्या

या साऱ्या प्रयत्नांच्या मुळाशी एक पेच आहे. उन्हाळ्यात शरीराला आत आलेली आणि आत निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकायची असते, म्हणून वस्त्र मोकळे आणि हवेशीर हवे. पावसात पाणी आत येऊ द्यायचे नसते, म्हणून वस्त्र बंदिस्त हवे. प्रदूषित हवेत श्वासावाटे जाणारे सूक्ष्म कण रोखायचे असतात, म्हणून नाकातोंडाभोवती फट राहता कामा नये. पहिली मागणी उरलेल्या दोन्हींच्या विरुद्ध आहे. त्यामुळे तिन्ही संकटांवर सारखाच परिणामकारक असा एक पोशाख असल्याचा दावा कोणी केला, तर तो संशयानेच पाहावा.

सुदैवाने महाराष्ट्रात ही तिन्ही संकटे बहुधा एकाच महिन्यात येत नाहीत. मार्च ते जूनच्या आरंभापर्यंत ऊन, त्यानंतर सप्टेंबरपर्यंत पाऊस, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उकाडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या काळात जमिनीलगत साठून राहणारी धूरकट हवा, असा साधारण क्रम असतो. आहाराची जशी ऋतुचर्या असते तशी वस्त्रांचीही असावी, हा विचार येथूनच सुरू होतो.

उन्हाळा : घाम वाळला पाहिजे

आपल्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस आणि त्वचेचे सुमारे ३५ अंश असते. भोवतालची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर शरीर तिला उष्णता देत राहते. हवा त्याहून तापली की हा मार्ग बंद होतो, उलट हवेतूनच शरीराला उष्णता मिळू लागते. मग उरतो तो घाम. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली, तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेली जाते. मात्र ही किमया घाम वाळण्यात आहे, गळण्यात नाही. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला थंडावा न देताच वाया जातो.

यावरून उन्हाळी वस्त्राची दोन कामे ठरतात. एक म्हणजे सूर्याचे थेट किरण अडवणे, आणि दुसरे म्हणजे त्वचेलगतची दमट हवा हलती ठेवणे. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, या प्रश्नाचा अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक तापतो हे खरेच. परंतु झगा सैल असल्याने कापड आणि कातडी यांच्यामधील हवा वर सरकत राहते, आणि परिणामी काळ्या व पांढऱ्या झग्यातील माणसाच्या त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता जवळपास सारखीच असते, असे त्यात आढळले. रंगाइतकेच महत्त्व सैलपणाला आहे, हा त्यातून घ्यायचा बोध. अंगाला घट्ट बसणाऱ्या पांढऱ्या टी-शर्टपेक्षा सैल, लांब बाह्यांचा फिकट सदरा अधिक उपकारक ठरतो.

कापडाच्या निवडीत स्थानिक हवामानाचा विचार हवा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा कोरड्या उष्णतेत घाम क्षणात वाळतो. तेथे धोका असतो तो तप्त वाऱ्याचा आणि शरीरातील पाणी घटण्याचा. म्हणूनच वैदर्भीय माणूस कान, मान आणि डोके दुपट्ट्याने झाकूनच घराबाहेर पडतो, आणि ते शास्त्राला धरून आहे. मुंबई-कोकणात तापमान कमी असले तरी हवेतील बाष्पामुळे घाम वाळतच नाही. म्हणून हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करते. किनाऱ्यावर कपड्यांचे थर वाढवण्याऐवजी एकच पातळ, विरळ विणीचा थर आणि छत्री हे अधिक योग्य.

सुती की कृत्रिम धाग्याचे, हा वाद वरवर वाटतो तितका सोपा नाही. कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. संथ चालणाऱ्या, कार्यालयात बसणाऱ्या माणसाला मलमल, खादी किंवा लिनन यांचे शोषण सुखकर वाटते. पण जो धावतो किंवा ओझी वाहतो, त्याचा सुती सदरा भिजून अंगाला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. खेळाडूंसाठी विणलेले जाळीदार पॉलिएस्टर घाम पृष्ठभागावर पसरवून लवकर वाळवते. जाड, गुळगुळीत, विणीत हवा नसलेले पॉलिएस्टर मात्र दोघांनाही त्रासदायकच.

अतिनील किरणांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. कपडा घातला म्हणजे किरण पूर्णपणे अडले, असे होत नाही. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा संरक्षणांक साधारण ५ ते ८ असतो, म्हणजे पाचवा ते आठवा हिस्सा किरण आरपार जातात. तो ओला झाला तर आणखी जातात. ५० अंकाचे कापड केवळ २ टक्के किरण जाऊ देते. दुकानात कापड उजेडासमोर धरून पाहावे. पलीकडचे जितके स्पष्ट दिसेल तितके संरक्षण कमी. पुण्यातील मुलींनी रूढ केलेला सनकोट या दृष्टीने उत्तम आहे. लांब बाह्या, तळहातापर्यंत पोहोचणारे टोक आणि मानेवर येणारी टोपी यांमुळे दुचाकीवरील उघडे अवयव झाकले जातात. तो गडद आणि जाड नसावा, एवढेच पाहावे.

जपानमध्ये हिरोशी इचिगाया या अभियंत्याने २००४ च्या सुमारास पंखे बसवलेले जॅकेट विक्रीला आणले. कमरेपाशी बसवलेले दोन छोटे पंखे बाहेरची हवा आत ओढतात आणि गळ्यातून, बाह्यांतून ती बाहेर पडताना घाम वाळवते. तेथील बांधकाम कामगारांत ते लोकप्रिय आहे. परंतु हे यंत्र हवा थंड करत नाही, फक्त हलवते. हवा अतिशय दमट असेल तर घाम वाळत नाही, आणि हवा धुळीने भरलेली असेल तर ती धूळच अंगावर येते.

वस्त्राची ही मर्यादा विसरून चालणार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील खुल्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश होते. ऊन, गर्दी आणि आर्द्रता एकत्र आल्यावर त्या तापमानातही असे घडते. सावली, पाणी आणि विश्रांती यांची जागा कोणतेही कापड घेऊ शकत नाही. ऊन लागलेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, तिला भोवळ आली किंवा शुद्ध हरपू लागली, तर घट्ट कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे.

पावसाळा : कोरडेपणाचे गणित

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस अडवणारे वस्त्र नाही, आणि अशा दिवशी घराबाहेर न पडणे हाच उपाय. रोजच्या पावसासाठी मात्र विचारपूर्वक निवड करता येते.

‘श्वास घेणाऱ्या’ महागड्या जॅकेटांविषयी ग्राहकाने एक गोष्ट जाणून घ्यावी. त्या कापडातून वाफ बाहेर जाते ती आतील आणि बाहेरील बाष्पदाबातील फरकामुळे. थंड, कोरड्या प्रदेशात हा फरक मोठा असतो. जुलैतील मुंबईत बाहेरची हवाच बाष्पाने संपृक्त असते, त्यामुळे वाफ बाहेर जाण्याची ओढ अगदी क्षीण होते. हिमालयात उत्तम काम देणारे जॅकेट दादरच्या पुलावर निराशा करते, याचे कारण हेच. त्याऐवजी काखेत आणि पाठीवर हवेसाठी झडपा असलेला साधा, सैल रेनकोट बहुतेकांना पुरतो.

जलरोधक कापडांवरील लेपांत दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. ती निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत आणि पाण्यात, मातीत, मानवी रक्तातही आढळली आहेत. अशी रसायने असलेल्या वस्त्रांवर कॅलिफोर्नियाने २०२५ पासून आणि फ्रान्सने २०२६ पासून निर्बंध आणले आहेत. ही रसायने नसल्याचा स्पष्ट उल्लेख असलेला रेनकोट मिळत असेल, तर मुलांसाठी तो पसंत करावा.

पावसाळी पोशाखात अपघाताचा विचारही येतो. पाठीमागे फडफडणारी प्लास्टिकची खोळ, ओढणी किंवा साडीचा पदर दुचाकीच्या चाकात अडकून गंभीर इजा होऊ शकते. दुचाकीसाठी सदरा आणि विजार असा दोन तुकड्यांचा रेनकोटच योग्य. त्याचा रंगही पाहावा. काळा किंवा गडद निळा रेनकोट धूसर पावसात ट्रकचालकाला दिसत नाही. पिवळा किंवा केशरी लांबून दिसतो, आणि पाठीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असेल तर रात्रीही दिसतो.

पायांची काळजी स्वतंत्रपणे घ्यायला हवी. साचलेल्या पाण्यात उंदीर व इतर प्राण्यांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते त्वचेवरील बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. पायाला भेग किंवा जखम असेल तर ती जलरोधक पट्टीने झाकून, गमबूट घालूनच बाहेर पडावे. गमबुटाच्या उंचीहून पाणी अधिक असेल तर बूट असून नसल्यासारखाच. अशा पाण्यातून चालावे लागले असेल तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत आणि प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांना तीन दिवसांच्या आत विचारावे. पाण्यातून गेल्यानंतर काही दिवसांनी ताप आला, तर डॉक्टरांना ती माहिती आवर्जून द्यावी.

पावसाळ्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गजकर्णाचे रुग्ण वाढतात. ओली, घट्ट जीन्स आठ तास अंगावर ठेवणे हे त्याचे एक नेहमीचे कारण. जाड जीन्सचे कापड पाणी भरपूर शोषते आणि वाळायला दिवस घेते. पातळ, सैल विजार, दप्तरात मोज्यांचा जादा जोड आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करण्याची सवय, या तीन गोष्टींनी पुष्कळ त्रास टळतो.

हिवाळा : कापड आणि श्वास

तिसरा शत्रू सर्वांत फसवा, कारण तो डोळ्यांना पुरता दिसत नाही. मानवी केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. आरोग्याला सर्वाधिक अपाय करणारे ‘पीएम २.५’ कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. दमा बळावणे, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण एक घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले. भारताचे मानक ४० मायक्रोग्रॅमचे आहे, आणि आपली अनेक शहरे तेही पाळू शकत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील कसोटी सामन्यात श्रीलंकेच्या खेळाडूंनी मैदानावर मुखपट्ट्या लावल्याचे दृश्य साऱ्या जगाने पाहिले.

तोंडाभोवती घट्ट बांधलेला सुती स्कार्फ ऊन अडवतो, भरड धूळ अडवतो, केस आणि त्वचा जपतो. परंतु त्याच्या धाग्यांमधील फटी या सूक्ष्म कणांच्या मानाने विशाल दरवाजे आहेत. स्कार्फचे अनेक फेरे घेतले तरी श्वास कडेच्या सैल जागांतूनच आत जातो. स्कार्फ बांधला म्हणून धुरापासून सुरक्षित झालो, ही समजूत सोडून द्यावी.

एन-९५ प्रकारच्या मुखपट्टीची रीत वेगळी आहे. तिच्यातील अतिसूक्ष्म तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो आणि तो कणांना ओढून धरतो. सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराचे, म्हणजे गाळायला सर्वांत कठीण असे कणही ती किमान ९५ टक्के अडवते. पण हे आकडे मुखपट्टी चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटून बसली असेल तरच खरे ठरतात. नाकावरची पट्टी दाबून बसवावी आणि जोराने श्वास सोडून कडेने हवा निसटते का, हे तळहाताने पाहावे. दाढी असेल तर फट राहतेच. साबणाने धुतल्यावर विद्युतभार नाहीसा होतो, म्हणून अशी मुखपट्टी धुऊ नये. मळली, ओलसर झाली किंवा तिचे बंद सैल पडले की टाकून द्यावी. शिवाय ती कण अडवते, वायू अडवत नाही. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून सहज जातात.

मुलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. मोठ्यांची मुखपट्टी लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि मिळते ते केवळ खोटे समाधान. दोन वर्षांखालील बाळाला मुखपट्टी कधीही लावू नये. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचे आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ती वापरावी आणि धाप लागल्यास काढावी.

‘प्रदूषणरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जॅकेटांचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करता येते. प्रदूषणाचा प्रमुख मार्ग श्वासाचा आहे, त्वचेचा नाही. जॅकेटने अंगावरची काजळी कमी होईल, कपडे स्वच्छ राहतील. पण नाकातोंडाभोवती घट्ट बसणारी आणि बदलता येणारी गाळणी त्यात नसेल, तर फुप्फुसांच्या दृष्टीने ते साधे जॅकेटच आहे. त्यापेक्षा वेळ आणि वाट बदलणे अधिक गुणकारी. धावताना आपण विश्रांतीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, म्हणून हवा वाईट असलेल्या सकाळी हमरस्त्याच्या कडेने धावण्याऐवजी आतल्या गल्लीतून चालावे किंवा व्यायाम घरात करावा. बाहेरून आल्यावर कपडे बदलून हातपाय आणि चेहरा धुण्याची जुनी रीत येथे पुन्हा उपयोगी पडते. कपड्यांवरची धूळ अंथरुणात आणि सोफ्यावर जाण्याचे त्यामुळे टळते.

ज्यांना निवड नाही, त्यांचे काय?

आतापर्यंतची चर्चा स्वतःचे कपडे स्वतः निवडू शकणाऱ्यांची होती. रस्त्यावर सर्वाधिक काळ असणारी माणसे मात्र बहुधा कोणीतरी ठरवून दिलेला गणवेश घालतात. वाहतूक पोलीस, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घरपोच वस्तू आणणारी मुले आणि आपली शाळकरी लेकरे यांत येतात. भर मे महिन्यात जाड कापड, गळ्याशी आवळलेला टाय, काळे बंद बूट आणि गडद रंगाचा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट यांची सक्ती ही आरोग्याची समस्या आहे, शिस्तीची नव्हे.

गणवेश बदलता येतात, याचे पुरावे आहेत. जपान सरकारने २००५ मध्ये उन्हाळ्यात कोट आणि टाय यांना सुट्टी देणारी मोहीम सुरू केली, कार्यालयांतील तापमान २८ अंशांवर ठेवण्याचे आवाहन केले आणि औपचारिकतेची कल्पनाच बदलली. आपल्याकडेही सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत वकिलांना उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. जर न्यायासनासमोर ही सवलत चालते, तर शाळेच्या वर्गात का चालू नये? पालक-शिक्षक संघाच्या सभेत उन्हाळी गणवेश, फिकट टोपी, टायची सुट्टी आणि मोकळ्या चपला यांची मागणी मांडणे प्रत्येक पालकाच्या हाती आहे. गृहनिर्माण संस्थेच्या रक्षकाला छत्री, पाणी आणि सावलीतील खुर्ची देणेही आपल्याच हाती.

अहमदाबादचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा केला. त्यात आगाऊ इशारे होते, पाण्याची सोय होती, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण होते. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी ती वाट धरली. कामाच्या वेळा बदलून जितके जीव वाचतात, तितके कापड बदलून वाचत नाहीत.

प्रदूषणाबाबतही इतिहास हेच सांगतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळे धुके उतरले. लोक तोंडाला रुमाल आणि पट्ट्या बांधून फिरत होते. तरी सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा त्या वेळचा अंदाज होता, आणि नंतरच्या अभ्यासांत तो आकडा बराच वाढला. लंडनची हवा पुढे सुधारली ती रुमालांमुळे नव्हे, तर १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे आणि पाणी फवारण्याचे नियम केले आहेत. आपल्या गल्लीतील बांधकामावर ते पाळले जातात की नाहीत हे पाहणे आणि न पाळल्यास तक्रार करणे, हे मुखपट्टी विकत घेण्याइतकेच कुटुंबाच्या आरोग्याचे काम आहे.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

कपाट उघडताना किंवा दुकानात उभे असताना चार प्रश्न विचारावेत. हे वस्त्र कोणत्या ऋतूसाठी आहे? ते घालून मला वाळवंटातून जायचे आहे, की दमट लोकलमधून? ते जे अडवण्याचा दावा करते, ते शरीरात नेमके कोणत्या मार्गाने जाते? आणि ते धुतल्यावर, भिजल्यावर त्याचा गुण टिकतो का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की जाहिरातीतील मोठे शब्द आपोआप लहान होतात, आणि पुष्कळदा असे ध्यानात येते की सैल सुती सदरा, फिकट टोपी, पिवळा रेनकोट, नीट बसणारी मुखपट्टी आणि एक छत्री एवढ्यावर वर्ष निभावते.

वस्त्र आपल्याला उन्हात, पावसात आणि धुरात थोडा अधिक अवधी मिळवून देते. त्या अवधीत सावली गाठावी, घर गाठावे, आणि रस्त्यावर ज्यांना दिवसभर थांबावेच लागते त्यांच्यासाठीही सावली वाढावी म्हणून काही करावे.